सेटिंगची खुर्ची

सेटिंग हा शब्द ज्या कुणी साहेबाने काढला असेल, त्याला एकदा समोर बसवून मला विचारायचं आहे, की बाबा रे, तुला नक्की म्हणायचं तरी काय होतं? आमच्या कामाच्या जागी प्लास्टर घट्ट होतं त्याला सेटिंग म्हणतात. मेणात दात बसवतात त्यालाही सेटिंगच. घरी आलं की मुलगा म्हणतो, आई, तुझ्या फोनचं सेटिंग बिघडलंय. शेजारच्या पोराला नोकरी लागली, तर त्याची म्हणे आत सेटिंग होती. तोच पोरगा जिन्यात एका मुलीशी बोलत उभा राहिला, तर तीही सेटिंग. पार्लरमध्ये केसांचं करतात ते आणखी निराळं, त्यात मी पडत नाही. एवढं मात्र माझ्या ध्यानात आलंय, की फोनचं असतं ते सेटिंग आणि माणसांची असते ती सेटिंग. ते बिघडलं तर नीट करता येतं. ती जमली, की समजावं कुणाचा तरी पत्ता कट होणार.

मी संशयी आहे असं घरातले म्हणतात. म्हणू देत. माझे यजमान भोळे होते, जो दारात येईल तो सज्जन, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या वाटणीचा संशयही मलाच घ्यावा लागायचा. ते गेले, सवय राहिली.

आमची दातांची लॅब आहे. म्हणजे मालकाची आहे, पण मालक शाळेत जात होता तेव्हापासून मी तिथे आहे, म्हणून आमची म्हणते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कवळ्या करतो. पुढच्या खोलीत प्लास्टर, मागच्या खोलीत पॉलिश, आणि मधल्या खोलीत खिडकीपाशी सेटिंग. तिथली खुर्ची माझी. मेण तापवायचं, त्यात एकेक दात बसवायचा, लोखंडी बिजागरीच्या जबड्यात वरचे-खालचे दात मिटवून बघायचे, आणि डॉक्टरकडे ट्रायलला पाठवायचे. मेणात आहे तोवर काहीही बदलता येतं. मेण जाऊन प्लास्टिक आलं की संपलं, मग ब्रह्मदेव आला तरी दात हलायचा नाही. म्हणून सगळा खेळ त्या खुर्चीवर.

नवशिके दातांमध्ये पातळ कागद घालून, जबडा मिटवून, कागद ओढून बघतात. दोन्हीकडे अडकला तर बरोबर. मी ते कधीच सोडून दिलं होतं. माझी नजर बसलेली होती. शिवाय डावीकडचा पुढून दुसरा दात मी नेहमी किंचित कलता ठेवायचे, कारण देवाने कुणालाच सरळ रांगेत दात दिलेले नाहीत. डॉक्टर लोक तो कल बघून ओळखायचे, की हे मावशींच्या हातचं. माझं एकही काम ट्रायलवरून परत आलेलं नव्हतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते.

माझी सून त्याच लॅबमध्ये प्लास्टरला आहे. मीच लावलं तिला. लग्न होऊन आली तेव्हा दिवसभर घरात भिंती बघत बसायची, मला ते बघवेना. मागच्या खोलीतला पॉलिशवाला तोंडावर म्हणाला, “मावशी, तुमची सेटिंग आहे म्हणून लागली हो.” मी म्हटलं, आहे, मग? त्याचे दात आत गेले. पण मुलगी हुशार निघाली, माझ्याकडे बघून बघून सेटिंगही उचलायला लागली. फार हुशार. आणि फार हुशार माणूस शांत असलं की माझ्या मनात पाल चुकचुकायला लागते.

सुरुवात झाली ती तिच्या लवकर जाण्याने. आम्ही दोघी बरोबर निघायचो. एकाएकी ती माझ्याआधी जायला लागली. कारण काय, तर सकाळच्या गारव्यात प्लास्टर चांगलं सेट होतं. मी मनात म्हटलं, बाई गं, मी तुझ्या जन्माआधीपासून प्लास्टर बघतेय, ते काय घड्याळ बघून घट्ट होतं? मुलाला म्हटलं, तर तो म्हणाला, “आई, तू पोलिसात जायला हवं होतंस.” त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची. बापावर गेलाय.

मग एका सकाळी मी खुर्चीवर बसले, आणि मेण तापवायच्या दिव्याला हात लागला. कोमट. मी तर आदल्या दिवशी घरी जाताना विझवून गेले होते. आदल्या दिवशी केलेलं काम उचलून बघितलं. दात जागच्या जागी, डावीकडचा दात कललेला, सगळं माझ्यासारखं. पण मेण गुळगुळीत. माझा हात मेणावर असा फिरत नाही, मी सुरीचा ओरखडा ठेवते. कुणीतरी माझ्या कामाला हात लावला होता.

कुणीतरी कशाला. लॅबची दुसरी किल्ली कुणाकडे होती, ते मला ठाऊक होतं.

आता एकदा डोळ्यांत तेल घालून बघायला लागलं, की सगळंच दिसायला लागतं. माझ्या टेबलावरच्या विजेच्या दिव्याचा उजेड पहिल्यासारखा लख्ख पडेना. कुणीतरी बारीक दिवा बदलून लावला असणार. दातांचा नवा माल आला तो पिवळट. मी मालकाला म्हटलं, “कंपनी फसवतेय तुम्हाला, हे बघा, कावीळ झालेले दात.” मालकाने ते उजेडात धरले आणि म्हणाला, “मावशी, मला तर नेहमीसारखेच वाटतात.” म्हणजे मालकही सामील. घरी माझा फोन सुनेने न विचारता घेतला आणि त्याची अक्षरं ढब्बू करून ठेवली. “सेटिंग बदललं आई, वाचायला सोपं जाईल,” म्हणाली. मी फोन तिच्या हातातून काढून घेतला. कोण जाणे, अक्षरांच्या निमित्ताने आणखी काय काय बदललं असेल.

“आई,” ती जेवताना म्हणाली, “एकदा डोळे दाखवून येऊ या का?”

“माझे डोळे शाबूत आहेत,” मी म्हटलं. “तुझ्यावरच आहेत.”

मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. म्हातारी ठरवायची ही पहिली पायरी असते, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही.

उरलीसुरली कसर पॉलिशवाल्याने भरून काढली. ह्या माणसाला कवळीपेक्षा बातमीवर पॉलिश जास्त छान करता येतं. माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, “मावशी, काल मालक आणि तुमची सून केबिनमध्ये बोलत होते. मावशींनंतर सेटिंगला हिचंच नाव, असं मालक म्हणत होते. मी काही मुद्दाम ऐकलं नाही हं. दार उघडंच होतं, थोडंसं.”

“नंतर म्हणजे कधी?” मी विचारलं.

“ते काही बोलले नाहीत.”

नंतर म्हणजे काय, मी मेल्यावर, की येत्या सोमवारी? नवरा गेला तेव्हा ह्या खुर्चीने मला उभं केलं. मुलगा ह्या खुर्चीवर वाढला. घरात मी आई आहे, सासू आहे, कुणाच्या तरी मधेमधे येणारी बाई आहे. तिथे त्या खिडकीपाशी मी मी आहे. ती खुर्ची गेली तर सकाळी उठून मी करायचं काय?

मी सापळा लावला. काम झाल्यावर कवळीच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही, तिथे मेणात नखाची खूण केली. सकाळी बघितलं, खूण गायब. पुन्हा केली, पुन्हा गायब. आता शंकाच उरली नाही. ही पोरगी रोज सकाळी येऊन माझं काम बिघडवत होती.

तुम्ही म्हणाल, बिघडवत होती तर एखादं तरी काम परत यायला नको का? मीही हाच विचार केला, आणि उत्तरही सापडलं. ती मोठ्या कामाची वाट बघत होती.

आणि मोठं काम आलंच. आमच्या लॅबचं निम्मं काम ज्या एका डॉक्टरकडून येतं, त्या डॉक्टरच्या स्वतःच्या आईची कवळी. मालक ते माप दोन्ही हातांनी धरून घेऊन आला. “मावशी, हे तुमच्याच हातून जाऊ दे,” म्हणाला. पुढच्या खोलीतून सून बघत होती. बघ, मी मनात म्हटलं, नीट बघून घे.

मी ते काम जीव ओतून केलं. संध्याकाळी ते टेबलावर ठेवलंच नाही. डब्यात घालून, पिशवीत टाकून घरी आणलं, कपाटात चादरींच्या मागे ठेवलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. सकाळी सून नेहमीप्रमाणे लवकर गेली. थोड्याच वेळात तिचा फोन.

“आई, डॉक्टरांच्या आईंचं काम टेबलावर दिसत नाही.”

“तुला कशाला हवंय ते?”

“नाही, म्हणजे… तुम्ही घेऊन गेलात का? आई, ते आधी लॅबमध्ये आणा. थेट देऊ नका.”

तिचा आवाज कापत होता. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. सापडली. मी फोन ठेवला, आणि डबा घेऊन थेट दवाखान्याची वाट धरली.

डॉक्टरची आई खुर्चीत आडवी होती, तोंडाचं बोळकं, पण जीभ धारदार. “तूच का ती दातवाली? बघू, माझं तोंड परत दे,” म्हणाली. डॉक्टरने मेणातले दात तिच्या तोंडात बसवले आणि मिटायला सांगितलं. तिने मिटलं. डॉक्टरने पुन्हा मिटायला सांगितलं. मग हाताने तिचा जबडा धरून पुन्हा. उजवीकडचे दात टेकत होते, डावीकडे फट राहत होती. त्याने तिच्या हातात आरसा दिला.

“हे काय?” म्हातारी म्हणाली. “मी कुणाला वाकुल्या दाखवतेय?”

पहिला विचार माझ्या मनात आला तो हाच, की सुनेने कपाट उघडलं असणार. पण किल्ली माझ्या गळ्यात होती, आत्ताही बोचत होती. दुसरा विचार आला, की म्हातारीचा जबडाच वाकडा असेल. मग डॉक्टरने दात काढून माझ्यासमोर धरले. मी बघितलं. मला ते चांगले दिसले. मला ते अगदी चांगले दिसले, आणि तेव्हा मी घाबरले.

“मावशी, हे तुमच्या हातचं नाही,” डॉक्टर म्हणाला. तो रागावलाही नव्हता, माझी बाजूच घेत होता. “सुनेला सेटिंग शिकवताय ना हल्ली? मला मालक म्हणाले होते. तिनेच केलंय हे.”

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. मूग गिळून उभी राहिले, आणि त्याला जे समजायचं ते तो समजला. माझ्यासमोरच त्याने मालकाला फोन लावला.

मी लॅबमध्ये शिरले तेव्हा मालक मधल्या खोलीत उभा होता आणि सून त्याच्यासमोर, कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरी. मागच्या दारातून पॉलिशवाल्याचं अर्धं डोकं दिसत होतं.

“डॉक्टरांच्या आईचं सेटिंग तू केलंस?” मालकाने तिला विचारलं.

तिने माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “मीच केलं.”

“मावशींना दाखवलंस तरी का आधी? एवढं मोठं काम. मी तुला हळूहळू ह्या टेबलावर आणणार होतो. आता ते डोक्यातून काढून टाक. प्लास्टरच कर.” एवढं बोलून तो केबिनमध्ये गेला. अर्धं डोकंही आत गेलं.

मी तिथेच उभी. खरं सांगते, त्याही वेळी माझं डोकं एकच गोष्ट शोधत होतं, की ह्यात हिचा डाव काय? हो म्हणून हिला काय मिळालं? मालक चिडला, खुर्ची गेली, नाव खराब झालं. उलटून पालटून बघितलं, पण डाव काही सापडेना. आयुष्यात असं माझं कधी झालं नव्हतं.

“का बोललीस तसं?” मी विचारलं.

तिने हात धुतले. माझ्या हातातून डबा घेतला, दात बिजागरीच्या जबड्यावर चढवले, आणि कागदाच्या दोन पट्ट्या मध्ये घालून जबडा मिटला. “ओढा,” म्हणाली. मी उजवीकडची ओढली. ती जागची हलेना. डावीकडची ओढली. ती अलगद माझ्या हातात आली.

“कधीपासून?” मी विचारलं.

“मागच्या हिवाळ्यापासून.”

“रोज?”

“रोज नाही. कधी कधी बरोबर असायचं.”

ते ‘कधी कधी’ मला लागलं. मी माझ्या खुर्चीवर बसले. “मला सांगता आलं नाही तुला?”

“तुम्हाला सांगायची सोय आहे का आई?” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “डोळे दाखवू म्हटलं, तर आठवडाभर बोलला नाहीत. फोनची अक्षरं मोठी केली, तर फोन हिसकावून घेतलात. दिवा तोच आहे, दात तेच आहेत, तुम्हालाच ते पिवळे दिसतात. माझ्या आजीला असंच व्हायचं, मोतीबिंदू होता तिला. मी काय करायचं? काम परत आलं असतं तर तुम्ही घरी बसला असता, आणि घरी बसून तुमचं काय झालं असतं ते मला कळत नाही का? म्हणून सकाळी यायचे, एक बाजू थोडी खाली घ्यायचे, आणि मेण सारखं करायचे. तुमचा तो कललेला दात मात्र तसाच ठेवायचे. तो सरळ केला असता तर डॉक्टरांना लगेच कळलं असतं.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. इतके दिवस मी त्या कललेल्या दातावरून स्वतःचं काम ओळखत होते. तो ठेवत होती ती. मला फार लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त भीती वाटली, कारण आता मला कळत होतं की माझ्या हातात नेमकं काय उरलं आहे.

“आणि आत्ता? हो कशाला म्हणालीस?”

“तुमचं नाव झालेलं आहे,” ती म्हणाली. “माझं अजून व्हायचंच होतं. नसलेलं गेलं, तर काय गेलं?”

ती वळली आणि पुढच्या खोलीत प्लास्टर कालवायला निघून गेली. मी एकटी बसून राहिले. खोटं कशाला बोलू, एक क्षण मला वाटलं, राहू दे. ती म्हणालीच आहे हो. मालकाचा विश्वास बसलाय, डॉक्टरचा बसलाय. डोळ्यांचं गुपचूप करून घेता येईल, आणि ही खुर्ची माझी राहील. कुणाला काही कळायचं नाही. मला असं वाटलं, आणि मग मला स्वतःचीच किळस आली. मी उठले.

केबिनचं दार मी वाजवलं नाही. “ते काम माझं आहे,” मी मालकाला म्हटलं. “तिने त्याला हातही लावला नाही, आणि लावला नाही म्हणूनच ते परत आलं. मागच्या हिवाळ्यापासूनची माझी कामं ती नीट करतेय. मला दिसत नाही.”

मालकाने हातातलं पेन खाली ठेवलं. मी त्याला शाळेच्या गणवेशात बघितलेलं होतं, त्याला बोलणं जड जात होतं. “मावशी,” तो म्हणाला, “मग मला तुम्हाला सेटिंगला ठेवता यायचं नाही.”

“माहीत आहे.”

“डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे. मग बघू.”

मग बघू म्हणजे काय, ते मला कळतं. मी मान हलवली. “डॉक्टरांना फोन करा,” मी म्हटलं. “माझं नाव सांगा. आणि म्हणावं, दुपारपर्यंत दुसरं करून आणतोय. ती करेल.”

मधल्या खोलीत येऊन मी तिला हाक मारली. ती दारात आली, हातात पातेलं, त्यातलं प्लास्टर घट्ट व्हायला लागलेलं. मी खुर्चीवरची माझी उशी काढून घेतली आणि बाजूला झाले.

“बस,” मी म्हटलं.

“आई, नको. तुमची खुर्ची आहे.”

“मी सांगतेय ना. म्हातारी तिकडे बिनदाताची बसलीय. बस.”

तिने पातेलं खाली ठेवलं, हात पुसले, आणि बसली. जरा पटकनच बसली असं मला वाटलं. पण मी काही बोलले नाही.